भाड्याचे शोरूम, नऊ लाखांचे काम: एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर

जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा आमचा धंदा मी आणि माझे धाकटे दीर मिळून पाहतो. पूर्वी कोल्हापुरात शाहूपुरीत छोटा गाळा होता आणि गाड्या रस्त्याकडेला. मागच्या वर्षी पुणे-बेंगळुरू महामार्गाजवळ बंद पडलेले एक शोरूम भाड्याने मिळाले. साधारण २४०० चौरस फूट जागा, वर पत्रा, पश्चिमेला अख्खी काच, खाली जुना कोबा. कर्ज काढायचे नाही हे घरात आधीच ठरले होते, म्हणून कामाला नऊ लाखांची मर्यादा घातली. दिवाळी पाडव्याला दार उघडले. आता उन्हाळा, वळीव आणि कोल्हापूरचा पूर्ण पावसाळा पाहून झाला आहे, तेव्हा काय टिकले आणि काय नाही ते लिहिते.

आमचे पहिल्यापासून एकच धोरण होते. जागा आपली नाही, तर पैसा स्क्रू-बोल्टने बसणाऱ्या गोष्टींत घालायचा, सिमेंटने बसणाऱ्या गोष्टींत नाही. उद्या जागा सोडली तर ट्रकमध्ये घालून नेता येईल ते आपले, बाकीचे मालकाचे. भाडेकरूने लाखो रुपयांची फरशी आणि छत करून द्यायचे आणि करार संपला की मालकाने तेच दाखवून पुढच्याकडून जास्त भाडे घ्यायचे, हे मी या धंद्यात फार वेळा पाहिले आहे. मला ते पटत नाही.

त्यामुळे खरे काम करारापासून सुरू झाले. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंतचे असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के पडते. ते एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर मोजतात. म्हणजे नोंदणीचा खर्च डोईजड नाही, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारकच आहे. आम्ही त्यात तीन गोष्टी आग्रहाने घालून घेतल्या. काम चालू असताना दीड महिना भाडे नाही. पत्रा, कैच्या (पत्र्याखालचा आधाराचा सांगाडा) आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती मालकाकडे. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: आम्ही बसवलेल्या सामानाची यादी फोटोंसह परिशिष्ट म्हणून जोडायची, जाताना ते सामान आमचे. मालक वयाने मोठे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. आधी म्हणाले, "वहिनी, आपल्यात कागद कशाला एवढा?" मी म्हटले, "काका, आपल्यात आहे म्हणूनच. उद्या तुमच्या आणि आमच्या पोरांना बसून बोलायला सोपे जाईल." त्यांनी यादी वाचली, दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि सही केली.

भाड्याचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मालक जीएसटीत नोंदलेले नसतील आणि तुम्ही असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा. त्याचे क्रेडिट मिळते, म्हणजे विक्रीवरच्या जीएसटीतून तो वजा होतो, पण आधी रोख खिशातून जाते. शिवाय बांधकामाला कायमचे जोडले जाणारे काम भांडवली खर्चात धरले तर त्यावरचे इनपुट क्रेडिट अडते, सुट्या फर्निचरवरचे मिळते. आमच्या सीएंनी हे सांगितले तेव्हा बोल्टचे धोरण आणखी पक्के झाले.

आता जमीन. सगळे जण इपॉक्सी, म्हणजे जमिनीवरचा चकचकीत रेझिनचा लेप, करा म्हणत होते. दिसायला देखणे असते यात वाद नाही. पण इपॉक्सीला दोन गोष्टी सोसत नाहीत: काचेतून येणारे ऊन आणि जमिनीतून वर येणारी ओल. उन्हाने ते पिवळे पडते, ओलीने फुगून सुटते. त्यात एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरमधले तेलकट घटक लेपात उतरतात आणि तपकिरी डाग पडतो, तो पुसून जात नाही. आमच्याकडे गाडी महिनाभरही एका जागी उभी असते. म्हणून जुना कोबाच मशीनने घासून घेतला, भेगा भरल्या, त्यावर सिलिकेटचे हार्डनर मारले आणि पॉलिश केले. सिलिकेट सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग घट्ट करते, वर वेगळा थर राहतच नाही, त्यामुळे सोलून निघायला काही नसते. इपॉक्सीचा दर आम्हाला चौरस फुटाला नव्वद रुपये सांगितला होता, हे पंचेचाळीसमध्ये झाले.

मला हे काम मनापासून आवडले आहे. सकाळी ओले पुसले की करडी जमीन मंद चमकते आणि गाडीचा खालचा भाग तिच्यात उमटतो. टायरचे काळे ओरखडे ब्रशने निघतात. कमतरताही सांगते. तेल सांडले आणि तासन्‌तास राहिले तर डाग धरतो. आणि आम्लाशी याचे अजिबात जमत नाही. सफाईला आलेल्या मुलाने एका कोपऱ्यात संडास धुण्याचे अॅसिड वापरले, तिथली चमक गेली ती गेलीच. आता साधे साबणपाणी सोडून दुसरे काही जमिनीला लावू देत नाही.

सगळ्यात जास्त विचार आम्ही दिव्यांवर केला, आणि सगळ्यात जास्त समाधानही त्यांनीच दिले. जुन्या शोरूममध्ये निळसर पांढऱ्या ट्यूब होत्या, ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या छटेचे माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). त्या प्रकाशात पांढरी गाडी निळी दिसते आणि लाल गाडी मरगळलेली. आम्ही ५००० केल्व्हिनचे लांब पट्टीचे दिवे घेतले, सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वरचे. दुकानदार नुसता सीआरआय सांगतो, पण तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी आहे, त्यात गडद लाल मोजलेलाच नसतो. त्यासाठी आर-नाइन नावाचा वेगळा आकडा असतो, तो मागून घ्या. लाल आणि मरून गाड्या विकणाऱ्याला त्याचे मोल कळेल. पट्ट्या गाडीच्या लांबीच्या दिशेने टांगल्या, म्हणजे बॉनेटपासून डिकीपर्यंत प्रकाशाची सरळ रेघ पडते. पत्रा कुठे चेपलेला असेल तर तिथे रेघ वाकते.

"मग ठोकलेली गाडीही गिऱ्हाइकाला दिसणार की," असे आमच्या ओळखीचे एक व्यापारी म्हणाले. दिसावीच. उन्हाळ्यात आमच्याकडे एक चंदेरी सेडान आली होती, उजवा पुढचा फेंडर रंगवलेला. रस्त्यावरच्या साध्या दिव्यात दोन्ही रंग एकच वाटत. आमच्या दिव्यांखाली फेंडर दरवाज्यापेक्षा किंचित उबदार छटेचा दिसायचा. कंपनीचा रंग आणि गॅरेजचा रंग यांची रंगद्रव्ये वेगळी, म्हणून एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. भाऊजींनी गिऱ्हाइकाला स्वतः तिथे उभे केले, बोट ठेवून फरक दाखवला, दुरुस्तीचे बिल दाखवले. गडहिंग्लजचे कुटुंब होते. त्यांनी ती गाडी घेतली, आणि पुढे त्यांच्या साडूंनाही आमच्याकडेच पाठवले. जुन्या गाडीच्या धंद्यात गिऱ्हाईक मनात संशय घेऊनच दार उघडते. उजेड चांगला असला की तो संशय तिथल्या तिथे तपासता येतो. म्हणून माझे म्हणणे, सोफा साधा घ्या, पण दिव्यांत काटकसर करू नका. आमचे दिवे चॅनलवर टांगलेले आहेत, पाना लावला की उतरतात.

छताला पीओपी किंवा जिप्सम केले नाही. दोन लाखांच्या आसपास वाचले. पत्र्याला वरून उष्णता परतवणारा पांढरा रंग फेब्रुवारीत दोन हात मारला. एप्रिलच्या दुपारी शेजारच्या शेडमध्ये उभे राहिले की डोक्यावर झळ जाणवते, आमच्याकडे ती नाही, एवढे खात्रीने सांगते. महामार्गाची धूळ बसली की रंगाचा गुण उतरतो, म्हणून मार्च ते मे अधूनमधून पत्रा पाण्याने धुवावा लागतो. मोठा एसी घेतला नाही. छताला बीएलडीसी पंखे, जे साध्या पंख्याच्या निम्म्याहूनही कमी वीज खातात, आणि दीड टनी इन्व्हर्टर एसी फक्त कागदपत्रांच्या केबिनमध्ये.

पावसाचा आवाज मात्र आहे. जुलैत जोराची सर आली की हॉलमध्ये समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. व्यवहाराचे बोलणे केबिनमध्येच करावे लागते. केबिनला स्वतःचे छत आहे, तिथे शांत असते. नवीन करणाऱ्याने हे गृहीत धरून केबिन थोडी मोठी ठेवावी, चार माणसे आणि एक लहान मूल बसेल एवढी. गाडी घ्यायला अख्खे घर येते.

गळतीचे सांगते. पहिल्याच वळवाने तीन-चार जागी थेंब पडले. पत्रा चांगला होता, स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकले होते. करारात दुरुस्ती मालकाकडे असल्याने काकांनी माणूस पाठवला आणि सगळे वॉशर ईपीडीएमचे, म्हणजे ऊन-पाणी सोसणाऱ्या रबराचे, बदलून घेतले. मे संपायच्या आत झाले म्हणून बरे, जूनमध्ये पत्र्यावर चढायला कोणी तयार होत नाही.

पश्चिमेच्या काचेला उष्णता अडवणारी फिल्म लावली, गडद नव्हे, जवळपास पारदर्शक. रस्त्यावरून गाड्या दिसायला हव्यात. फिल्म लावण्याआधी काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) आहे की साधी, ते कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून तपासा. साध्या काचेला उष्णता शोषणारी फिल्म लावली तर ती असमान तापून तडकू शकते. दुपारी चारनंतरची तिरीप पूर्ण थांबत नाही, तेव्हा पहिल्या रांगेतल्या गाड्यांचे डॅशबोर्ड आम्ही झाकतो.

केबिन, काउंटर आणि चाव्यांचे कपाट यांचा सांगाडा उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. चौकोनी पाइप, वेल्डिंग फक्त कोपऱ्यांना, बाकी सगळे नट-बोल्ट. त्या मामांनी प्रत्येक जोडावर खडूने आकडे टाकले, नंतर त्यावर पंच मारला. "वहिनी, उद्या हलवायचं झालं तर आकड्याला आकडा लावा, मला बोलवायचीबी गरज नाही." त्याची प्रचिती आली. मोठ्या एसयूव्ही वाढल्यावर काउंटर सहा फूट मागे घ्यायचा होता. दुपारच्या जेवणानंतर सुरू केले, संध्याकाळी गिऱ्हाईक त्याच काउंटरवर चहा पीत होते.

सुतारकामात मात्र त्रास झाला. ठरले होते ७१० ग्रेडचा मरीन, म्हणजे पाणी सोसणारा, प्लाय, पण कपाटाच्या पाठीला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) निघाले. लॅमिनेटखाली कळले नाही. ऑगस्टमध्ये ते खालून फुगले तेव्हा उघडे पडले. बिलावर ग्रेड लिहून घेतली होती म्हणून बदलून मिळाले. लॅमिनेट चढण्याआधी प्रत्येक तावावरचा आयएस ७१० चा शिक्का पाहून फोटो काढून ठेवावा.

वायरिंग भिंतीत गाडली नाही, वरून कंड्युटमधून, म्हणजे नळीतून, नेली. आणि सगळे सॉकेट चार फुटांवर, मीटर आणि मुख्य बोर्ड त्याहून वर. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटते. कोल्हापूरकराला वाटणार नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हाच महामार्ग पुराच्या पाण्याने बंद होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पंचगंगा इशारा पातळीकडे निघाली की गाड्या उचगावच्या बाजूला उंचावर हलवायच्या, असे आम्ही नोकरांसह ठरवून ठेवले आहे, प्रत्येकाकडे कोणत्या चाव्या ते भिंतीवर लिहिले आहे.

पाटी मराठीत मोठी केली. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच दुकानांना देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाहीत, पण कायदा नसता तरी मी तशीच केली असती. अॅक्रिलिकची उठावाची अक्षरे लांबून स्पष्ट वाचता येतात. त्यांच्या आतल्या एलईडीचा पॉवर सप्लाय पावसाचे पाणी शिरून बंद पडला. पाटी बसवणाऱ्याने फोन उचलणे सोडले. शेवटी आमच्याच वायरमनने नवा सप्लाय आत, छपराखाली बसवला, वायर तेवढी बाहेर. तेव्हापासून तक्रार नाही.

गाडी धुण्याची जागा मागे केली. उतार चेंबरच्या दिशेने आणि मध्ये तेल अडवणारी टाकी. टाकी वेळच्या वेळी उपसली नाही तर वास येतो, हे काम कोणालाच आवडत नाही, म्हणून भाऊजींनी ते स्वतःकडे घेतले आहे.

एक काम राहिले आहे. इलेक्ट्रिक गाड्या विक्रीला येऊ लागल्या आहेत आणि आम्ही त्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावतो. ७.४ किलोवॅटचा चार्जर भिंतीवर बोल्टनेच बसतो, तेव्हा तो आमच्या यादीत जाईल. पण त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागेल, मीटर काकांच्या नावावर आहे, त्यामुळे महावितरणकडचा अर्ज त्यांच्या सहीने जाईल. परवा त्यांच्याशी बोलणे झाले. वाढीव अनामत आम्ही भरायची, आणि जागा सोडताना ती काकांनी आम्हाला द्यायची, असे ठरले आहे. तेवढे एक पान कराराला जोडले की काम सुरू.