फास्ट ट्रॅव्हल मारायचं की पायी हिंडायचं?

नीटची परीक्षा उरकून लातूरहून घरी परतलेली पोरं मे-जूनमध्ये हमखास विचारतात: नवा ओपन-वर्ल्ड (म्हणजे कुठंही मोकळं हिंडता येणारा) गेम टाकलाय, मॅप अवाढव्य आहे, सगळा हिंडू की मेन मिशन संपवून मोकळा होऊ? माझं मत आधीच सांगतो. नव्या जागी पहिल्यांदा जाताना पायी किंवा घोड्यावर जावं. तिथंच परत जायचं असेल तर बिनधास्त फास्ट ट्रॅव्हल मारावं, म्हणजे मॅपवरची जागा निवडून क्षणात तिथं पोचावं. पण सगळे गेम या एका हिशोबात बसत नाहीत, म्हणून थोडं खोलात जाऊ.

‘एल्डन रिंग’ (२०२२) घ्या. या गेमनं हा प्रश्न थेट किल्ल्याच्या दारातच विचारलाय. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दरवाज्याशी गॉस्टॉक नावाचा पहारेकरी भेटतो. तो सांगतो की मुख्य दरवाज्यावर कडक पहारा आहे, त्यापेक्षा बाजूच्या भगदाडातून जा. तुम्ही म्हणालात तर तो मुख्य दरवाजाही उघडून देतो. तिथून शिरलात की समोर भलेमोठे बाण सोडणारी यंत्रं आणि शिपाई. जीव मुठीत धरून पळालात आणि वाचलात, तर बराच पल्ला झटक्यात पार होतो. भगदाडातली वाट मात्र कड्याच्या कडेनं, फळकुटांवरून, बुरुजांतून वळसे घेत जाते. त्या वळशांवर हत्यारं सापडतात, चावी सापडते आणि आतून उघडायचे दरवाजे व लिफ्ट लागतात. ते एकदा उघडले की पुढच्या वेळी तोच पल्ला काही पावलांचा होतो. म्हणजे कोपरा न् कोपरा बघणाऱ्यालाच गेम स्वतःचे शॉर्टकट देतो. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीतून (काळोख्या भुयारी वाटेतून) वर गेलेल्या माणसाला हा किल्ला परका वाटणार नाही. कुठली वाट चकवा आहे आणि कुठली खरी, हे स्वतःच्या पायानं गेल्याशिवाय तिथंही कळत नाही. एवढं लक्षात असू द्या की किल्ल्यात तुम्ही मेलात की तुमच्या रून्समधला, म्हणजे कमाईतला, काही हिस्सा हा गॉस्टॉक गुपचूप लाटतो.

तिसरी वाटही आहे. किल्ल्याच्या बाहेरून, कड्याला लागून जाणारी एक पाऊलवाट थेट लिउर्निया या पुढच्या प्रदेशातल्या तळ्याकडे उतरते. किल्ल्याआधीचा बॉस (मोठा शत्रू) मार्गिट टळतो, आतला बॉस गॉड्रिक टळतो, अख्खा किल्लाच टळतो. मार्गिटपाशी वैतागलेली बरीच पोरं ही वाट धरतात. माझा सल्ला असा की आल्या आल्या ती धरू नका. मार्गिटला हरवलं की एक जास्तीचा ताईत घालायची सोय मिळते. ती हुकते आणि पुढचे शत्रू आणखी जड जातात. त्याऐवजी घोडा दक्षिणेला वळवा. वीपिंग पेनिन्सुलात शत्रू हलके आहेत, बरं करणारी कुपी वाढवायचं सामान तिथं मिळतं, लेव्हलही चढते. मग परत येऊन तोच मार्गिट बघा. इथं वाकडी वाटच लवकर पोचवते, आणि मला हा गेम इतका आवडतो तो त्यामुळंच.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) मध्ये गंमत निराळी आहे. तिथं रस्ता हाच गेम आहे. रानातून जाताना एक माणूस साप चावला म्हणून ओरडताना दिसतो. थांबून त्याचं विष काढलंत, तर पुढं कधीतरी व्हॅलेंटाइन गावात बंदुकीच्या दुकानाबाहेर तोच भेटतो, ओळखतो आणि म्हणतो, आत जाऊन काय हवं ते घ्या, पैसे मी भरतो. फास्ट ट्रॅव्हलवाल्याला हा माणूस भेटणारच नाही. या गेमनं फास्ट ट्रॅव्हल जाणूनबुजून महाग केलंय. सुरुवातीला आगगाडी नाहीतर घोडागाडीचं तिकीट काढावं लागतं. टोळीच्या तळावरच्या मॅपवरून उडी मारायची सोय पैसे खर्च करून सुधारणा केल्यावरच येते. माझा मामेभाऊ शेजारी बसून म्हणायचा, “दादा, खूण तर समोर दिसायलीय, मग सरळ डोंगरावरनं जायचं सोडून रस्त्यानं कशाला जायलास?” तो स्वतः खेळायला बसला तेव्हा त्याचं उत्तर त्याला त्याच्या घोड्यानंच दिलं. तीव्र उतारावर घोडा कोसळतो आणि औषध जवळ नसलं तर मरतोसुद्धा. कंटाळा आला असेल तर मॅपवर खूण लावून सिनेमॅटिक कॅमेरा चालू करा. घोडा आपोआप रस्त्यानं चालतो आणि वाटेतलं सगळं तुमच्या डोळ्यांसमोरून जातं.

आता हिंडण्याची दुसरी बाजू, कारण सगळंच हिंडणं सोनं नसतं. ‘द विचर ३’ (२०१५) मधल्या स्केलिगेच्या समुद्रावर प्रश्नचिन्हांचा सडा पडलाय. होडीनं एकेका खुणेपाशी जायचं आणि तिथं बहुतेक वेळा तस्करांची तरंगती पिंपंच निघतात. ती सोडून द्या. गावातल्या नोटीस बोर्डावरची कामं मात्र सोडू नका, त्या गेमचा जीव तिथं आहे. ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये ९०० कोरोक बिया लपवल्यात. सामानाची पोतडी पूर्ण मोठी करायला ४४१ पुरतात. सगळ्या ९०० गोळा केल्यावर जे बक्षीस मिळतं, त्याचा लढाईत काडीचाही उपयोग नाही. त्यामुळं वाटेत सापडेल ती बी उचला, पण त्यासाठी मॅप विंचरत बसू नका.

याच झेल्डात सगळ्यात मोठा शॉर्टकट उघड्यावर ठेवलाय. सुरुवातीचं पठार संपलं की थेट मुख्य खलनायक गॅननच्या किल्ल्यात जाऊन भिडायची मुभा आहे. पण चार दैवी यंत्रप्राणी न सोडवता गेलात, तर त्यांना ताब्यात घेतलेले चारही राक्षस तिथं एकामागून एक अंगावर येतात आणि मग गॅनन. चारही आधी सोडवलेत, तर लढाईच्या सुरुवातीलाच ते गॅननची निम्मी ताकद उडवतात. घाईची किंमत इतकी स्वच्छ मोजून देणारे गेम फार कमी आहेत.

चीट कोडबद्दल, म्हणजे टाइप केल्यावर फुकटात पैसा-ताकद देणाऱ्या अक्षरांबद्दल, थोडक्यात. सायबर कॅफेच्या दिवसांपासून आपल्याकडं ‘जीटीए सॅन अँड्रियास’ (२००४) म्हटलं की बोटं आपोआप ‘एचईएसओवायएएम’ टाइप करतात. अडीच लाख डॉलर, पूर्ण जीव, पूर्ण चिलखत. नुसता धुडगूस घालायचा असेल तर जरूर मारा. कथा खेळायची असेल तर नको, कारण कफल्लक नायक सीजे गल्लीपासून वर येतो हीच ती कथा आहे. आणि रस्त्यावरच्या माणसांना पिसाळवणारे चीट मारून कधीही सेव्ह करू नका, ते सेव्हमध्ये अडकून बसतात. ‘जीटीए ५’ मध्ये चीट वापरले की त्या बैठकीपुरत्या अचिव्हमेंट (कामगिरीचे बिल्ले) मिळत नाहीत.

यूट्यूबवरचा वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा पार करायचा ते दाखवणारा व्हिडिओ? बॉस आणि गुहा स्वतः बघा. ‘एल्डन रिंग’मधल्या पात्रांच्या कथांसाठी मात्र खुशाल शोधा. त्या गेममध्ये कामांची यादीच नाही आणि पात्रं न सांगता जागा बदलतात. तिथं मदत घेण्यात काही कमीपणा नाही.

मग कुणी काय निवडावं? क्लास, नोकरी किंवा शेतीच्या कामातून रात्री तासभर मिळत असेल तर ‘विचर ३’ घ्या आणि मुख्य कथा धरा. अंदाजे पन्नास तासांत ती होते, म्हणजे रोज तासाभरानं दोन महिने. ‘रेड डेड’ त्या तासाभरात रंगत नाही, तो सुट्टीसाठी ठेवा. शिवाय कॉम्प्युटरवर त्याला दीडशे जीबी जागा लागते. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर ते डाउनलोड होणं कठीण, ब्रॉडबँड असलेल्या मित्राकडं मशीन नेलेलं बरं. पूर्ण सुट्टी हातात असेल आणि हरण्याचा राग येत नसेल, तर मी डोळे झाकून ‘एल्डन रिंग’ सांगेन.

आपल्याकडं आणखी एक हिशोब धरावा लागतो, तो लाईटीचा. ‘एल्डन रिंग’ सतत स्वतःच सेव्ह करत राहतो, लाईट गेली तरी फारसं नुकसान होत नाही. ‘स्कायरिम’ (२०११) तसा नाही. त्याचं ऑटोसेव्ह मुख्यतः फास्ट ट्रॅव्हल केलं, दार ओलांडून आत गेलं, झोपलं किंवा थांबलं की होतं. म्हणजे उड्या मारणारा सुरक्षित आणि डोंगरातून पायी हिंडणारा उघड्यावर. इन्व्हर्टर नसेल तर सेटिंगमध्ये ऑटोसेव्हचे सगळे पर्याय चालू करा आणि कॉम्प्युटरवर खेळत असाल तर प्रत्येक लढाईनंतर एफ-५ (झटपट सेव्हचं बटण) दाबत चला.