थेरपीचा खर्च: विम्यातून की खिशातून?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 21(4) नुसार विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यावं लागतं. पण मेख पुढे आहे. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याचं समुपदेशन ओपीडीत मोडतं. म्हणून आधी पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का, त्यात मानसोपचार येतो का आणि वर्षाची मर्यादा किती, हे वाचा. क्लेमला बहुधा मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते, बिलावर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांकही. आधीच खचलेल्या माणसाला ही कागदपत्रं जमवायला लावणं मला फार जाचक वाटतं.

खिशातून भरलं तर थेरपिस्ट आपल्या पसंतीचा, आणि आजाराचं निदान विमा कंपनीकडे जात नाही. मात्र नवी पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये विचारलं, तर निदान सांगावंच लागतं, फी रोख भरली असली तरीही. लपवलं तर पुढचा क्लेम अडकू शकतो.

माझं मत: ओपीडी कव्हर असेल तर बिनधास्त वापरा. नसेल तर थेरपिस्टला फी कमी होईल का, हे स्पष्ट विचारा, अनेकजण करतात. तोवर 14416 वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतूनही.