पारदर्शक शिक्क्यांचा संच: नऊ महिने आणि दीडशे कार्डांनंतर

श्रावणात घेतलेला हा संच आता चैत्र संपत आला तरी रोज हाताशी असतो. राख्यांची पाकिटं, दिवाळी, संक्रांत, पाडवा, मधे दोन बारशी आणि एक साठीशांत, मिळून दीडशेच्या आसपास शुभेच्छा कार्डं झाली. एवढं वापरून झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं.

मी सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. तारखेचा शिक्का, संस्थेचा गोल शिक्का, 'रोख मिळाली', दिवसभर हात चालूच असतो. कार्डासाठी मात्र हाताची ही सवय मोडावी लागली. पावतीवर शिक्का आपटला तरी वाचता येतो. कार्डावर आपटला की कडेला शाई फुटते आणि मधला भाग फिका राहतो. इथे ठोकायचं नाही, ठेवायचं. मग तळव्याने चारी बाजूंनी सारखा दाब द्यायचा, शिक्का जराही डुलू द्यायचा नाही आणि सरळ वर उचलायचा. कार्डाखाली माऊसपॅड ठेवला की ठसा अजून भरीव उठतो.

संचात चार पानं पारदर्शक शिक्के, तीन ॲक्रिलिक ब्लॉक, सहा छोटे इंक पॅड आणि कार्डशीटचं एक पुडकं होतं. हे शिक्के फोटोपॉलिमरचे, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचे. पान सोलून काढायचे, ब्लॉकवर चिकटवायचे आणि आरपार बघत हव्या त्या जागी टेकवायचे. लाकडी मुठीच्या रबरी शिक्क्यापेक्षा मला हे का आवडले, याचं कारण हेच आरपार दिसणं. 'शुभेच्छा' ही ओळ फुलाच्या बरोब्बर खाली हवी असेल तर अंदाज लागत नाही, डोळ्यांना दिसतं. रबरी शिक्क्याचा कोरीवपणा मात्र अजून सरस आहे. माझ्याकडे मोराचा एक जुना रबरी शिक्का आहे, त्याच्या पिसाऱ्यातली रेघ न् रेघ उठते.

नवा पारदर्शक शिक्का थेट वापरू नका. त्यावर कारखान्यातला तेलकट थर असतो, त्यामुळे शाई पसरत नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे तिचे थेंब होतात. पांढरं खोडरबर वरून हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवलं की हा त्रास जातो. हे कळेपर्यंत पंधरा कार्डं मी ठिपक्याठिपक्यांची केली आणि शिक्क्यांनाच दोष देत बसले. चिकटपणा गेला तर साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे, पुन्हा चिकटतात. स्पिरिट किंवा थिनर लावू नये, पॉलिमर खराब होतं. खिडकीत राहिलेलं एक पान महिनाभरात पिवळं पडलं. आणि नाजूक देठाचं एक फूल सोलताना तुटलं, तिथे माझी घाई होती.

इंक पॅड हा या संचाचा सगळ्यात कमजोर भाग. सहाही डाय इंकचे, म्हणजे रंग द्रवात विरघळलेला आणि कागदात मुरणारा. चटकन वाळतो, छोट्या अक्षरांना ठीक आहे. पण जांभळ्या कमळाचं एक कार्ड मी टीव्हीच्या कपाटावर उन्हाच्या बाजूला ठेवलं होतं, दोन महिन्यांत कमळ राखाडी झालं. कुणी वर्षानुवर्षं जपून ठेवावं असं कार्ड असेल तर पिगमेंट इंक घ्या. तिच्यात रंगाचे कण विरघळत नाहीत, कागदाच्या वर बसतात आणि उन्हाला जास्त टिकतात. वाळायला वेळ लागतो, तेवढं सोसायचं. ऑफिसातला निळा पॅड घरी आणून बघितला, तो मऊ कागदावर फुटतो. त्यापेक्षा एकच चांगला काळा पॅड घ्यावा आणि रंग पेन्सिलींनी भरावेत.

कागदाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण बिघडलेल्या कार्डांपैकी निम्मी कागदामुळे बिघडली. संचातला कागद पातळ, घडी घातल्यावर कार्ड उभंच राहत नाही. गणपती पेठेतून 300 जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाची) आयव्हरी शीट आणली आणि फरक लगेच दिसला. चकचकीत आर्ट कार्ड टाळा, त्यावर शाई मुरत नाही, बोट लागलं की पुसटते. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मला फार आवडतो. त्याच्या खडबडीवर बारीक रेघ तुटते, पण पानं-फुलांचे ठसठशीत छाप त्यावर वेगळेच दिसतात, आणि कड हाताने फाडली की जी मऊ झालर मिळते ती कात्रीने कधीच येत नाही.

घडीचंही एक आहे. मशीनवर कागद बनताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात. शीट हातात धरून आधी उभी, मग आडवी हलकेच वाकवा. जिकडे सहज वाकते त्या दिशेला घडी घालायची. उलट घातली तर घडीवर कागद तडकतो आणि आतला पांढरा तंतू दिसतो, गडद रंगावर तर फारच वाईट. घडी घालण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने, स्टीलच्या पट्टीला धरून, एक खोल रेघ ओढायची. मग दुमडून चमच्याच्या पाठीने घासायचं. एवढ्यानेच कार्ड दुकानातल्यासारखं दिसायला लागतं. पाण्यातला पांढरा गोंद मी बंद केला, त्याने कागदाला लाटा येतात. दोन बाजूंनी चिकटणारी टेप बरी.

आता मुख्य अडचण. संचातल्या चारही पानांवर मजकूर फक्त इंग्रजीत. माझ्या आत्याला इंग्रजीतून पाडव्याच्या शुभेच्छा कशाला देऊ? म्हणून गावातल्या एका शिक्के करणाऱ्याकडे गेले. त्यांनी काम दाखवलं आणि मजा वाटली, कारण तेही फोटोपॉलिमरच. फिल्मवर मजकुराची निगेटिव्ह काढतात, वर पातळ पॉलिमर ओततात आणि अतिनील दिव्याखाली धरतात. जिथून उजेड जातो तिथलं घट्ट होतं, बाकीचं धुऊन निघतं. म्हणजे माझ्या संचातली फुलं आणि आमच्या संस्थेचा गोल शिक्का एकाच जातीचे.

पहिला शिक्का करून आणला: 'संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा'. घरी येऊन छाप मारला तर 'सक्रातीच्या'. दोन्ही अनुस्वार गायब. परत घेऊन गेले. ते भिंग लावून बघत म्हणाले, "ताई, बारीक टिंब धुताना निघून जातं. सुटं असतंय ना, त्याला धरायला काही नाही." खरंच होतं. काना शिरोरेघेला धरून असतो, वेलांटीही धरून असते, पण अनुस्वार एकटाच वर. शिवाय सोबत करून बघितलेल्या 'तिळगूळ'मध्ये, 18 पॉइंटला, ळच्या पोटात शाई भरून काळा गोळा होत होता. मग आम्ही दोघांनी स्क्रीनवर बसून अक्षर 26 पॉइंटला नेलं, जाड फॉन्ट घेतला, टिंब मोठं करून शिरोरेघेला जवळजवळ टेकवलं. दुसऱ्या खेपेचा 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असा उठला की ळचं पोट स्वच्छ आणि घ्यातला जोड वेगळा दिसतो. देवनागरी शिक्का करून घेणाऱ्यांनी एवढं पाहावंच: सुटी टिंबं जाड करा, अक्षर थोडं मोठं घ्या आणि निगेटिव्ह काढण्याआधी शब्द स्वतः वाचा. 'शुभेच्या' असं टाइप झालेलं मी ऐनवेळी पकडलं, नाहीतर ते पुढच्या सगळ्या कार्डांवर गेलं असतं.

एम्बॉसिंगसाठी, म्हणजे पूड वितळवून ठसा फुगीर करण्यासाठी, वेगळी खरेदी करावी लागली: वर्सामार्कचा बिनरंगाचा चिकट पॅड आणि सोनेरी पूड. छाप मारायचा, तो ओला असतानाच पूड टाकायची, जास्तीची झटकून परत डबीत भरायची आणि उष्णता द्यायची. केस वाळवायच्या ड्रायरने होत नाही, पूड उडून जाते आणि तेवढी आचही नसते. मी हीट गन (कडक गरम हवा सोडणारं यंत्र) घेण्याआधी एक जुना, स्वयंपाकातून काढलेला तवा तापवून त्याच्यावर कार्ड चार बोटं उंच धरत होते. आच खालून लागते, त्यामुळे पूड हलत नाही. क्षणभर काहीच होत नाही. मग एका कोपऱ्यातली पूड, जी पिठीसारखी मंद दिसत होती, ओली होऊन चमकते, आणि ती चमक शिरोरेघेवरून सरकत शेवटच्या अक्षरापर्यंत जाते. चमक पोचली की लगेच बाजूला घ्यायचं. दोन सेकंद जास्त झाले तर पूड कागदात शोषली जाते आणि सोनं तेलकट डागासारखं दिसतं.

पावसाळ्यात एम्बॉसिंगने मला रडवलं. आपल्याकडे कृष्णेचं पाणी चढायला लागलं की घरातला कागदसुद्धा दमट होतो, आणि दमट कागदाला पूड सगळीकडे चिकटते. छापाभोवती सोनेरी धूळ दिसायची. उपाय साधा निघाला. कागद आधी तव्यावर किंचित शेकायचा, मग टाल्कम पावडर भरलेली मलमलची पुरचुंडी त्यावरून फिरवायची आणि त्यानंतरच छाप मारायचा.

हळदीचा प्रयोगही सांगते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणून इथली कार्डं हळदीची असावीत असं फार मनात होतं. कोमट पाण्यात हळद कालवून, गाळून, ब्रशने पार्श्वभूमी रंगवली. त्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याचे थेंब टाकले की तिथे हळद लालसर होते, कुंकू शिंपडल्यासारखी. पाडव्याच्या कार्डावर अप्रतिम दिसलं. पण हळद उन्हाला अजिबात टिकत नाही, म्हणून अशी कार्डं पाकिटात ठेवायला सांगून देते.

संचाला साडेसोळाशे रुपये गेले. शिक्के आणि ब्लॉक यांसाठी ते वसूल झाले, पॅड आणि कागदासाठी नाही. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर सुटं घेईन: आवडीचं एकच पान शिक्के, एक मोठा ब्लॉक, एक काळा पिगमेंट पॅड, 300 जीएसएमच्या दहा शीट, आणि राहिलेल्या पैशात मराठी मजकुराचे दोन शिक्के करून घेईन.

टपालाचं वजनही बघून ठेवलंय. 300 जीएसएमची ए-फोर शीट पावणेएकोणीस ग्रॅम भरते, तिच्या अर्ध्या भागाचं एक कार्ड म्हणजे साडेनऊच्या आत, आणि पाकीट धरूनही 20 ग्रॅमच्या खाली राहतं. फोम टेपने उचललेली फुलं मात्र टपालात दबून पोचतात, ती कार्डं हातानेच द्यावीत. एम्बॉसिंगवर बटर पेपरचा एक तुकडा ठेवला तर घासून खराब होत नाही.

संक्रांतीचं कार्ड कुडाळच्या मावशीला तसंच पाठवलं होतं. तिचा फोन आला आणि तिने आधी हेच विचारलं, "अगो, बोट फिरवलंय तर हा ळ वर कसा आलाय?"