दहा महिने, एक हेडफोन आणि माळ्यावरचे उंदीर

हेडफोन मे महिन्याच्या शेवटी घेतला, आता शिगमोही होऊन गेला. म्हणजे दहा महिने झाले. पूर्ण कान झाकणारा, नॉइज कॅन्सलिंगवाला, ब्लूटूथवरही चालतो आणि वायरही लागते. किंमत सात हजारांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण दुरुस्तीवरून त्यांची माझी जुंपली आहे. गाण्यांसाठी कसा आहे ते मला विचारू नका. मी तो घेतला भयपट बघायला आणि हॉरर गेम खेळायला, आणि वापरलाही त्यासाठीच.

आमचं घर डिचोलीच्या बाजूला, जुनं, कौलारू. वर लाकडी माळा, माळ्यावर उंदीर, मागे फणस आणि चार माड. आई साडेनऊला झोपते, त्यानंतर मी कॉम्प्युटर लावतो. पावसात कौलांवर असा काही आवाज होतो की साध्या स्पीकरवर पात्रांचं बोलणंसुद्धा कळत नाही. हेडफोन घ्यायचं खरं कारण हेच.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळली जी खोक्यावर लिहिलेली नव्हती. नॉइज कॅन्सलिंग म्हणजे काय, तर बाहेरच्या बाजूचे छोटे माइक आजूबाजूचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोब्बर उलटी लाट कानात सोडतात. दोन्ही एकमेकांना खातात. हे एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजाला छान जमतं. पंखा गेला, फ्रिज गेला, पावसाची घरघर गेली. पण अचानक होणाऱ्या आवाजाला ते पुरं पडत नाही. त्यामुळे होतं काय, घरातले सगळे निरुपद्रवी आवाज पुसले जातात आणि दचकवणारे तेवढे उरतात. फणस पडला की धप्प. मांजराने स्वयंपाकघरात टोप पाडला की खण्ण. मागेपुढे पाऊस नाही, पंखा नाही, नुसता तो एक आवाज, कुठून आला त्याचा पत्ता नाही. एरवी ज्या घरात मी डोळे मिटून फिरतो, त्या घराला मी जूनमध्ये तीन वेळा उठून कडी लावली आहे का ते बघितलं.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मी कॉलेजात असताना पाहिला होता, मित्राच्या खोलीवर, सहा जण मिळून, हसत. मान फिरवणं आणि हिरवी ओकारी तेवढी लक्षात होती. या वेळी एकट्याने पाहिला तेव्हा त्यातलं काहीच भिववेना. भिववलं ते सुरुवातीच्या भागाने: वॉशिंग्टनमधलं घर, रात्र, आणि माळ्यावर काहीतरी खरवडतंय. आई नोकराला सांगते, उंदीर असतील, सापळे लाव. बस. या चित्रपटाला ध्वनीचं ऑस्कर मिळालं होतं आणि त्यातल्या सैतानाचा आवाज रेडिओत मुरलेल्या मर्सिडीज मॅककेंब्रिज या अभिनेत्रीचा आहे, पण माझी झोप गेली ती त्या खरवडण्याने. कारण हेडफोन काढल्यावरही ते चालूच होतं. आमचे उंदीर. चाळीस वर्षं ऐकतोय मी त्यांना.

'तुंबाड'ची (२०१८) वेगळीच मजा. त्यात पाऊस थांबतच नाही. चित्रीकरणच मुळी अनेक पावसाळे चाललं होतं. माझ्या डोक्यावर खरा पाऊस कोसळत होता, यंत्राने तो पुसला आणि त्याजागी तुंबाडचा पाऊस ओतला. जुलैमध्ये बघा. मार्चमध्ये बघून उपयोग नाही.

लहानपणच्या भीतीचीही फेरतपासणी केली. 'झपाटलेला' आला १९९३ मध्ये, मी तेव्हा तिसरीत. पिक्चर विनोदी आहे हे मला फार उशिरा कळलं. तात्या विंचूच्या बाहुल्यामुळे मी दोन वर्षं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसत नव्हतो. आता हेडफोन लावून पाहिला तर बाहुल्यात रामदास पाध्यांचं कसब दिसतं, दिलीप प्रभावळकरांचा आवाज ऐकताना हसू येतं, लक्ष्याची धांदल तर आहेच. भीती शून्य. तरी पाय वर घेऊनच बसलो होतो हे नंतर लक्षात आलं. 'झी हॉरर शो'चं शीर्षकसंगीत अजून काम करतं, पुढचे भाग करत नाहीत. रामगोपाल वर्माचा 'रात' (१९९२) मात्र टिकलाय. रेवती, एक मेलेलं मांजर आणि तळघर एवढ्यावर माणूस काय करतो ते ऐकण्यासारखं आहे, आणि मी 'ऐकण्यासारखं' म्हणतोय.

आता गेमकडे. इथे हेडफोनने पैसे वसूल केले.

'एलियन: आयसोलेशन' (२०१४) हा माझ्या मते आजवरचा सगळ्यात भीतीदायक गेम, आणि तो अर्धाअधिक कानांनी खेळायचा आहे. एका ओसाड अवकाशस्थानकावर तुम्ही आणि तो प्राणी. त्याला मारता येत नाही, फार तर आगीने थोडा वेळ पळवता येतं. बनवणाऱ्यांनी त्याला जणू दोन मेंदू दिलेत. एका मेंदूला तुम्ही कुठे आहात ते कायम ठाऊक असतं, पण तो दुसऱ्याला फक्त 'त्या बाजूला बघ' एवढंच सुचवतो. शोधायचं त्या दुसऱ्याने, डोळ्यांनी आणि कानांनी. म्हणून तो पाठ केलेल्या वाटेने येत नाही. छतातल्या नळीतून सरकतो तेव्हा आवाज डावीकडून उजवीकडे जातो. डाव्या आणि उजव्या कानात आवाज पोहोचण्यातला फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, तेवढ्यावर आपलं डोकं दिशा ओळखतं. माझ्या जुन्या स्पीकरवर 'वर कुठेतरी' एवढंच कळायचं. हेडफोनवर कळतं की तो आता मानेच्या उजव्या बाजूला, थोडा मागे आहे, आणि थांबलाय.

यात आपोआप सेव्ह होत नाही. भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालायचं आणि तीन दिवे लागेपर्यंत उभं राहायचं. त्या दोन-तीन सेकंदांतही तो येऊन तुम्हाला मारू शकतो. जुलैतल्या एका रात्री मी पाऊण तास न मरता त्या यंत्रापर्यंत पोहोचलो. कार्ड घातलं. पहिला दिवा, दुसरा दिवा, आणि लाइट गेली. घरातली. माझ्या कॉम्प्युटरला यूपीएस नाही. स्क्रीन काळी, पण बॅटरीवर चालणारा हेडफोन आपलं काम करत राहिला, म्हणजे पाऊस पुसत राहिला. पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता. मग माळ्यावर कोणीतरी डावीकडून उजवीकडे पळालं. मी ओरडलो की नाही यावर आईचं आणि माझं एकमत नाही.

एक कामाची सूचना. गेम ब्लूटूथवर खेळू नका. चित्रपट बघताना मोबाइल किंवा प्लेअर चित्र थोडं थांबवून आवाजाशी जुळवून घेतो, गेमला ती सोय नाही. माझ्याकडे दार उघडलेलं आधी दिसायचं आणि कुरकुर मागून यायची. भीतीची त्याने पार कढी पातळ होते. वायर लावा.

'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' (२०१७) सुरू होतानाच सांगतो की हेडफोन लावा. सेनुआ ही त्यातली नायिका, मनोविकाराने ग्रासलेली. तिला जे आवाज ऐकू येतात ते दोन कानांच्या जागी माइक लावून रेकॉर्ड केलेत. कोणी डाव्या कानाशी कुजबुजतं, कोणी मागून हसतं, कोणी म्हणतं जाऊ नकोस, लगेच दुसरं म्हणतं जा. गेम करताना बनवणाऱ्यांनी केंब्रिजच्या मनोविकारतज्ज्ञाचा आणि हे आवाज स्वतः अनुभवलेल्या लोकांचा सल्ला घेतला होता. दचकवणारं त्यात फार नाही. पण तासाभराने मी हेडफोन काढून व्हरांड्यात जाऊन बसलो आणि बराच वेळ परत लावला नाही. भीती वाटली असं म्हणवत नाही. कोणाचं तरी फार खाजगी काही ऐकल्यासारखं झालं.

'आउटलास्ट' (२०१३) दोन रात्रींत सोडला, किंचाळ्याच जास्त. 'सायलेंट हिल २'ची २०२४ ची नवी आवृत्ती अर्धी झालीय. त्यातला खरखरणारा रेडिओ, जो राक्षस जवळ आला की वाजू लागतो, हेडफोनवर इतका जवळून येतो की पहिल्यांदा मला वाटलं वायरच ढिली झाली. मालिकेतल्या पहिल्या गेममधलं (१९९९) धुकं जुन्या प्लेस्टेशनला लांबचं चित्र झेपत नव्हतं म्हणून उपयोगी पडलं होतं, आणि पुढे तेच त्या गावाची ओळख झालं. याच मालिकेच्या पुढच्या गेमची झलक म्हणून आलेला 'पी.टी.' खेळायचा राहूनच गेला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढलाही.

माइकही ठीक आहे, जरा जास्तच. भाचा फोंड्याला हॉस्टेलवर असतो, त्याच्याबरोबर रविवारी 'फास्मोफोबिया' खेळतो. त्यात भूत शिकारीला निघालं की ते तुमचा खरा आवाज ऐकतं. आम्ही दोघे एका कपाटात श्वास रोखून बसलेले, भूत बाहेर घुटमळतंय, आणि स्वयंपाकघरातून आईची हाक, "जेवूक ये रे, पेज थंड जाता!" माइकने ती इमानदारीने पोचवली. भाचा म्हणाला, मामा, आपल्याला आजीने मारलं.

आता तक्रार. ऑगस्टमध्ये, चवथीच्या आधी, कानाच्या गादीचं रेक्झिन सुटायला लागलं. काळे पापुद्रे गालाला, उशीला, एकदा तर पोह्यांतही. विशेष म्हणजे फक्त डावी गादी. उजवी नव्यासारखी. पणजीतल्या सर्व्हिस सेंटरात नेला, तर त्यांनी आतला पांढरा ठिपका गुलाबी झालेला दाखवला: ओल गेलीय, वॉरंटीत बसत नाही. अरे, गोव्यात जुलैमध्ये माणूससुद्धा गुलाबी होतो. शिवाय मी विचारलं, दमट हवा काय फक्त डाव्या कानाला लागते? त्यावर उत्तर नव्हतं. मी दोन लांबलचक ईमेल लिहिले, ग्राहक मंचाचं नावही काढलं. शेवटी साडेचारशे रुपयांच्या गाद्या मागवून घरीच बसवल्या. नवी डावी फेब्रुवारीत पुन्हा तडकली.

मागच्या आठवड्यात दुपारी लवकर घरी आलो. आई पलंगावर लवंडलेली, मोबाइल उशीला टेकवलेला, 'रात्रीस खेळ चाले'चे जुने भाग लावलेले. तिचं माहेर सावंतवाडीकडचं, आकेरीचा तो वाडा दिसला की तिला गावी गेल्यासारखं होतं. डोक्याला माझा हेडफोन. ब्लूटूथ कोणी जोडून दिलं विचारलं तर भाच्याने, चवथीला आला होता... नाही, त्याच्याही आधी, जूनमध्ये. म्हणजे मी कामावर गेलो की रोज दुपारी. हेडफोन तिने तिरका घातला होता: डावी गादी कानावर, उजवी वर केसांच्या मागे. म्हटलं, अगं दोन्ही कानांवर घे, मग आवाज नीट येईल.

"आणि घर कोणी आयकूचा?"

डाव्या बाजूला केसांना चोपडलेलं खोबरेल, कानापर्यंत ओघळलेलं. गादी बोटाने पुसून बघितली. सर्व्हिस सेंटरला अजून फोन केलेला नाही.