मुंबईत एकच दिवस हातात आहे: फोर्ट, घारापुरी की कान्हेरी?

पुण्या-नाशकाकडून "एका दिवसासाठी येतोय, काय काय होईल?" असं विचारणारे बहुतेक जण यादी तयार करूनच विचारतात, आणि त्या यादीत गेटवे, एलिफंटा, सिद्धिविनायक, हाजीअली, जुहू, नॅशनल पार्क आणि मन्नत असं सगळं एका दमात असतं. यादीत वाईट काही नाही, पण मुंबई ही उत्तर-दक्षिण ताणलेली आहे हे नकाशा बघताना कुणाच्या लक्षात येत नाही. चर्चगेट ते बोरिवली ३४ किलोमीटर. फास्ट लोकलने तासाभरात होतं, पण तेच अंतर संध्याकाळी टॅक्सीने करायला गेलात तर दोन तास कुठे गेले कळत नाही आणि मग घरी जाऊन सांगतात की मुंबईत काही नाही, नुसतं ट्रॅफिक आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, त्या दिवशी शहराचं एकच टोक पकडा. दक्षिण टोक म्हणजे फोर्ट-काळा घोडा-मरीन ड्राइव्ह पायी, किंवा गेटवेवरून लाँचने घारापुरी. उत्तर टोक म्हणजे बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि आतली कान्हेरी लेणी. या तिघांत कुणी काय निवडावं ते खाली लिहितोय. टॅक्सी करून "मुंबई दर्शन" हा चौथा प्रकार आहे, त्यावरही बोलतो.

फोर्ट पायी

पहिल्यांदा येणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सांगतो. कारण एकतर सीएसएमटीला उतरलात की तुमचं बघणं तिथेच सुरू झालं, वेगळं कुठे जायला नको. १८७८ ला काम सुरू होऊन १८८८ ला पूर्ण झालेली ही इमारत, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तरी रोज लाखो लोक तिच्यातून मान वर न करता धावतात. तुम्ही तरी मान वर करा. रस्त्यापलीकडे जाऊन फाटकाच्या दोन खांबांकडे बघा, एकावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान असा तो हिशोब. कमानींच्या कोपऱ्यात दगडी पानं, पक्षी, प्राणी कोरलेत, त्यातलं बरंच काम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना "किती प्राणी सापडतात बघ" म्हणून सोडा, अर्धा तास आरामात जातो. समोर महापालिकेची इमारत, तिचा आर्किटेक्ट पण तोच, स्टीव्हन्स.

तिथून डी. एन. रोडने चालत हुतात्मा चौक, साधारण दहा-पंधरा मिनिटं. मराठी माणसाने इथे नुसता फ्लोरा फाउंटनचा फोटो काढून पुढे जाऊ नये असं मला वाटतं. कारंजं १८६४ चं आहे, सुंदर आहे, पण बाजूला मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं जे शिल्प आहे ते संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. मुंबई महाराष्ट्रात आहे ती त्यांच्यामुळे, मुलांना हे सांगायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

पुढे दोन वाटा. डावीकडे वळलात तर हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिकच्या पायऱ्या, सिनेमात इतक्या वेळा दिसल्यात की ओळखीच्याच वाटतात. सरळ गेलात तर काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी (फुकट आहे, आत जा, ऊन असेल तर नक्की जा) आणि म्युझियम. म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स. त्याला नीट दोन-अडीच तास लागतात. एवढा वेळ नसेल तर आत जाऊच नका असं मी म्हणेन, धावतपळत म्युझियम बघण्यात काही अर्थ नाही, नुसते पाय दुखतात. मग गेटवे, १९२४ चं, आणि समोर ताज.

पण खरी मजा संध्याकाळची आहे. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, सगळं टोकदार गॉथिक, आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगी, ज्यांच्यात अजून लोक राहतात, कपडे वाळत घालतात. दोन्ही बाजू मिळून २०१८ ला वारसा यादीत गेल्या. मधे पोरं क्रिकेट खेळतायत, एकाच वेळी एवढ्या मॅच की कुणाचा बॉल कुणाकडे गेला ते त्यांनाच माहीत. तिथून दहा मिनिटांत मरीन ड्राइव्ह, कट्ट्यावर बसा, सूर्य समुद्रात जातो, दिवे लागतात. याला एक रुपया लागत नाही.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. सीएसएमटीसमोर वडापाव, पुरीभाजी मिळते, धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे १९०४ पासूनची, तिथे बन मस्का आणि चहा. चर्चगेटला रुस्तमचं आइस्क्रीम, दोन वेफरच्या मधे जाडजूड स्लाइस, उन्हात उभं राहून खायचं आणि हातावर ओघळायच्या आत संपवायचं.

तोटा काय, तर चालणं. आरामात पाच-सहा किलोमीटर होतं दिवसभरात. दमट हवेत घामाच्या धारा लागतात. पण मधे कुठेही टॅक्सीत बसता येतं, कुठेही थांबवता येतं, आजी दमली तर आजीला ओव्हलवर बसवून बाकीचे फिरून येऊ शकतात. बाकीच्या दोन पर्यायांत ही सोय नाही, तिथे एकदा गेलात की गेलात.

घारापुरी

सगळे एलिफंटा म्हणतात, तसं म्हणा हवं तर. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमाराला लाँच सुरू होतात, जायला एक तास, यायला एक तास. धक्क्यावरून लेण्यांपर्यंत आधी सपाट रस्ता, त्यावर छोटी टॉय ट्रेन असते, मग शंभर-सव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, दगडी हत्ती विकणारे स्टॉल. वर माकडं. हातातली फ्रूटीची बाटली माकडाने नेली की मुलं रडणार, तेव्हा बाटल्या बॅगेत. लाँच, लेण्यांचं तिकीट आणि ग्रामपंचायतीचा छोटा कर असे पैसे वेगवेगळे द्यावे लागतात. सगळं धरून पाच-सहा तास जातात, म्हणजे नऊची लाँच पकडली तर दोन-अडीचला परत गेटवेवर.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर मुख्य लेण्यातल्या त्या सदाशिवासाठी. सुमारे २० फुटी मूर्ती, अंधाऱ्या भिंतीत. लोक "त्रिमूर्ती" म्हणून फोटो काढतात आणि जातात. तसं नका करू. बाहेरच्या उजेडातून आल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग आपल्या डाव्या हाताचा चेहरा दिसायला लागतो, उग्र, मिशी असलेला, हातात साप. मधला मिटल्या डोळ्यांचा, शांत. उजव्या हाताचा नाजूक, जवळजवळ बाईचा, हातात कमळ. सहाव्या शतकाच्या आसपास कुणीतरी हे एकाच दगडात काढलंय. बाजूला अर्धनारी, गंगाधर, शिवपार्वतीचं लग्न, कैलास हलवणारा रावण. बऱ्याच मूर्ती खालून फुटलेल्या आहेत, तरी अंगावर काटा येतो.

ज्याला मूर्ती बघायला आवडतं त्याने मुंबईत एकच दिवस असला तरी इथे जावं, हे मी ठामपणे सांगतो. ज्याला नाही आवडत त्याला मात्र ही "एवढं लांब जाऊन एक लेणं" अशी ट्रिप वाटेल, आणि परतीच्या लाँचमध्ये तो तोंड पाडून बसेल. अशांना नेऊ नका, सगळ्यांचा मूड जातो.

डिसेंबर २०२४ मध्ये या मार्गावरच्या बोटीला भीषण अपघात झाला होता. त्यामुळे लाइफ जॅकेट द्या म्हणून मागा, लहान मुलांच्या मापाचं आहे का ते बसायच्या आधी विचारा, आणि बोट खचाखच भरलेली दिसली तर पुढची घ्या, लाजू नका.

कान्हेरी

हा पर्याय बाहेरगावचे लोक घेतच नाहीत आणि मला त्याचं नेहमी आश्चर्य वाटतं. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की रिक्षाने पाच-दहा मिनिटांत नॅशनल पार्कचं गेट, आणि मेट्रो ७ ने आलात तर राष्ट्रीय उद्यान स्टेशन गेटाजवळच आहे. शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल, आत बिबटे. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, पार्कच्या गाड्या मिळतात, त्यांची परतीची शेवटची वेळ उतरतानाच विचारून ठेवायची.

लेणी किती, तर शंभराच्या वर. सगळी बघणं शक्य नाही आणि गरजही नाही. तीन नंबरचा चैत्य बघा, व्हरांड्यात दोन बाजूंना उभे बुद्ध, प्रत्येकी २० फुटांच्या वर. मग डोंगर चढत जा. मूर्तींच्या बाबतीत घारापुरीची सर याला नाही, हे आधीच सांगतो. इथलं वेगळेपण म्हणजे इथे माणसं राहत होती, जवळजवळ हजार वर्षं. भिक्खूंच्या खोल्या, निजायचे दगडी ओटे, दाराबाहेर बसायला बाक, आणि लेण्यालेण्याजवळ पाण्याची पोढी. डोंगरावर पडणारं पाणी बारीक चर खोदून त्या पोढीत आणलेलं आहे. तो चर बोटाने माग काढत वरपर्यंत जाता येतो. पाणी साठवायची ही अक्कल दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि आमच्या सोसायटीत अजून टँकर येतो.

पावसाळ्यात तर कान्हेरीला तोड नाही, कातळावरून पाणी वाहत असतं, समोर हिरवं जंगल. शेवाळ असतं तेवढं सांभाळा, चपला घालून येऊ नका. उलट त्याच दिवसांत घारापुरीचा भरवसा नसतो, समुद्र खवळला की लाँच बंद, आणि गेटवेवर उभं राहून काय करणार. मे महिन्यात मात्र हा कातळ तापतो, तेव्हा कान्हेरी नको, फोर्टच बरं, निदान म्युझियमच्या सावलीत तरी शिरता येतं.

खायची सोय आत यथातथाच, डबा आणि पाणी घेऊन जा. आणि इथून संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जायचा हट्ट धरू नका. बोरिवलीकडे नातेवाइकांकडे उतरला असाल तर हा पर्याय सगळ्यात सोयीचा, आणि दादरकडून येणार असाल तरी त्रास नाही, कारण सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे चाललेली असते आणि तुमची गाडी उलट दिशेने, बसायला जागा मिळते.

टॅक्सीचं मुंबई दर्शन

गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर ठीक आहे, नाहीतर काचेतून बिल्डिंगी बघायला पैसे द्यायचे आहेत का ते ठरवा. या दर्शनात दहा ठिकाणं होतात आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, त्यातली दहा पार्किंग शोधण्यात. सिद्धिविनायक हवाच असेल, घरातल्या मोठ्यांचा बहुतेक असतोच, तर त्यासाठी टॅक्सी कशाला. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ पार कफ परेडपर्यंत चालू झालीये. सकाळी लवकर सिद्धिविनायक, तिथूनच मेट्रोने हुतात्मा चौक किंवा सीएसएमटी, आणि पुढे फोर्ट पायी. मंगळवार असेल तर मात्र रांगेतच दुपार होईल.

अगदी लहान मुलं असतील, चार-पाच वर्षांची, तर या तिन्हींपेक्षा भायखळ्याची राणीची बाग बरी, पेंग्विन बघून खूश होतात. तिथेच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि गंमत म्हणजे ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडलं तो घारापुरीचा मूळचा दगडी हत्ती आणि काळा घोडा चौकातला मूळचा पुतळा, दोन्ही शेवटी इथेच येऊन पोचलेत. बाग बुधवारी बंद असते.

वाराचं गणित

सोमवारी घारापुरी पण बंद आणि नॅशनल पार्क पण बंद, म्हणजे प्रश्नच मिटला, फोर्ट. रविवारी फोर्ट रिकामा असतो, फोटोला छान, गाड्या कमी, पण बरीच दुकानं आणि काही जुनी हॉटेलं बंद, आणि लोकलचा मेगाब्लॉक साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार, तो आदल्या दिवशी बघून ठेवा. घारापुरीला रविवारी एवढी गर्दी असते की सदाशिवासमोर सेल्फीची रांगच असते. जमलं तर शनिवार घ्या. आठवड्यातल्या वारी येणार असाल तर सकाळी आठ ते अकरा सामान आणि पोरं घेऊन चर्चगेट-सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढायच्या भानगडीत पडू नका.

आता परतीचं, कारण बऱ्याच जणांचा दिवस इथे फसतो. पुण्याची सव्वासातची डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत सीएसएमटीला सोडते, म्हणजे नऊची लाँच विसरा, घारापुरी केलीत तर दुसरं काही होणार नाही. आणि तीच गाडी परत निघते पाच वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त गेला. मग एवढं येऊन संध्याकाळ सोडायची का, तर माझ्या मते अजिबात नाही. येताना गाडीने या, जाताना दादरहून शिवनेरी पकडा, रात्री उशिरापर्यंत असतात, आठला मरीन ड्राइव्हवरून उठलात तरी मध्यरात्रीपर्यंत घरी. नाशिकवाल्यांची पंचवटी सव्वासहाला सुटते, त्यांनी साडेपाचला कट्ट्यावरून उठून टॅक्सी केली तर गाडी मिळते, पण हिवाळ्यातही सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि उन्हाळ्यात सातपर्यंत हलत नाही, तेव्हा त्यांना सूर्यास्त की पंचवटी हे सकाळीच ठरवावं लागेल.