मोडी कागद संगणकाकडून वाचून घ्यायचे आहेत. जोडीला कोणाला घ्यावे?

मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) संगणकाने वाचावेत असे ठरले की इतिहास संशोधकापुढे सहसा तीन वाटा असतात: अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी गट, कंत्राटावर काम करणारी कंपनी, किंवा तयार प्रणाली घेऊन सोबत अर्धवेळ प्रोग्रामर. पाने दोन-तीनशेच असतील तर यापैकी काहीच करू नका. चांगला मोडी वाचक ती आधी वाचून संपवेल.

वाट कोणतीही धरा, पहिला खटका लिप्यंतरावर उडतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. वाचक सवयीने आजचे शुद्धलेखन लिहितो आणि यंत्राला कागदावर नसलेला फरक शिकावा लागतो. यंत्राचे ऱ्हस्व-दीर्घ हुकले की प्रोग्रामरच्या मोजणीत त्या सगळ्या चुका ठरतात, अभ्यासकाला मात्र त्या चुका वाटतच नाहीत. म्हणून आधी दोन पानांचा नियम लिहून काढा: ऱ्हस्व-दीर्घ कसे लिहायचे, शब्द तोडायचे की सलग ठेवायचे, संक्षेप उलगडायचे का, ‘छ ४ रजब’सारखी (रजब महिन्याची चौथी) तारीख जशीच्या तशी ठेवायची का, न लागलेल्या अक्षराला कोणती खूण करायची. मग तीच १० पाने दोन वाचकांना वेगवेगळी लिहायला द्या. त्या दोघांचेच जुळत नसेल, तर यंत्राकडून अपेक्षा कसली?

विद्यार्थी गटाचा खर्च जवळजवळ नाही आणि उत्साह खरा असतो. मात्र प्रकल्प दोन सत्रांचा. परीक्षा झाली की गट पांगतो आणि कोड कोणाच्या तरी लॅपटॉपवर राहतो. बरेच गट सुटी अक्षरे ओळखण्याचा प्रयोग निवडतात. मोडी सलग, हात न उचलता लिहिलेली असते. तिथे अक्षर कुठे तोडायचे हाच मुळात अवघड प्रश्न. त्यामुळे सुट्या अक्षरांवर मिळालेले यश पानावर टिकत नाही. पूर्ण ओळ वाचण्याचेच काम द्या, किंवा ओळी शोधण्यासारखा एकच तुकडा द्या.

कंपनी स्कॅनिंगला उत्तम. ४०० डीपीआयची स्पष्टता, टिफ स्वरूपातल्या प्रतिमा, फायलींना ठरलेली नावे, हे सगळे वेळेत मिळते. वाचनाचे काम द्यायचे तर करारात प्रतिमा, ओळींच्या जागा सांगणाऱ्या पेज-एक्सएमएल फायली, लिप्यंतर आणि शिकवलेले मॉडेल (पाने दाखवून तयार केलेला वाचणारा प्रोग्राम) या चारही गोष्टी तुमच्या मालकीच्या, असे लिहून घ्या. नाहीतर पुढचे कंत्राट शून्यापासून सुरू होते. तपासणीची ५० पाने तुम्ही निवडा, तीही कंपनीने न पाहिलेल्या कारकुनांच्या हातची. एकाच कारकुनाच्या ओळी शिकवण्यात आणि चाचणीतही आल्या की आकडे सुरेख दिसतात आणि नवा रुमाल उघडताच कोसळतात. हा दोष आम्हाला सर्वांत घातक वाटतो, कारण अहवालात तो दिसत नाही.

आमचा कल तिसऱ्या वाटेकडे, म्हणजे तयार प्रणाली आणि अर्धवेळ प्रोग्रामरकडे आहे. ट्रान्सक्रिबस ही हस्तलिखिते वाचणारी प्रणाली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठात वाढली. २०१९ पासून ती एक सहकारी संस्था चालवते. ब्राउझरमध्ये चालते, शिकायला सोपी, पण पानामागे क्रेडिट (वापराचे गुण) खर्च होतात आणि प्रतिमा त्यांच्या सर्व्हरवर जातात. दफ्तरखान्याची परवानगी तशी नसेल, तर क्रॅकेन हे अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर वापरणारी ई-स्क्रिप्टोरियम ही खुली प्रणाली आपल्याच संगणकावर बसवावी. ती बसवायला मात्र जाणकार हवा. हस्तलिखितावर मॉडेल शिकवण्यासाठी ट्रान्सक्रिबसचा सल्ला ५,००० ते १५,००० शब्दांचा, म्हणजे साधारण २५ ते ७५ पानांचा आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते, तेव्हा पानेच मोजा. २५ पाने हाताने लिहा, मॉडेल शिकवा, पुढची २५ त्याच्याकडून वाचून घेऊन दुरुस्त करा. मात्र दुरुस्त करताना यंत्राने लिहिलेला पटणारा पण चुकीचा शब्द डोळ्यांतून सहज निसटतो; दर दहावे पान यंत्राचे न पाहता वाचा.

या वाटेवर प्रोग्रामर आठवड्यातून दोन दिवस तरी मोडी वाचकाशेजारी बसायला हवा. अडलेली ओळ दोघांनी मिळून पाहिली की चूक प्रतिमेत आहे, ओळ कापण्यात आहे की नियमात, ते लगेच कळते. ईमेलवर तेच आठवडाभर घोळत राहते.

श्रेयाची बोलणी पहिल्याच महिन्यात करा. शोधनिबंधात कोणी काय केले ते नोंदवणाऱ्या ‘क्रेडिट’ (CRediT) वर्गीकरणात १४ भूमिका आहेत; विदेची (डेटाची) निगा आणि सॉफ्टवेअर त्यात वेगवेगळ्या मोजल्या जातात. शेकडो ओळी वाचून उलगडणाऱ्या मोडी वाचकाचे नाव आभारात ढकलू नका, ते लेखकांत घाला.