हिरड्यातून रक्त यायलंय ते दात हलायलेत: कुठल्या स्टेजला काय करून घ्यावं

ब्रश करताना थुंकी लाल दिसली की आपल्याकडं सल्ले ठरलेले असतात, मीठ-हळद चोळ, पेस्ट बदल, नाहीतर सरळ "काहून ठेवलायस तो दात, काढून टाक". आजार कुठपर्यंत पोचलाय हे कुणीच विचारत नाही, आणि सगळा निर्णय तर त्याच्यावरच अवलंबून आहे. हिरडी सुजणं येगळं आणि हिरडीखालचं हाड झिजणं येगळं. पहिलं पूर्ण बरं होतं, दुसरं थांबवता येतं पण गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

पहिली पायरी म्हणजे जिंजिव्हायटिस, यात फक्त हिरडी लाल होते, फुगते, ब्रश लागला की रक्त येतं, दुखत मात्र काहीच नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं तसंच चालू देतात. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी चांगल्या हिरड्यांच्या लोकांना दात घासायचंच बंद करायला लावलं, तर दोन-तीन आठवड्यात सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं परत सुरू केल्यावर काही दिवसात बऱ्याही झाल्या. म्हणजे या स्टेजला औषधगोळी नाही, सर्जरी नाही, एकदा स्केलिंग करून, म्हणजे डॉक्टरकडं दात मशीननं साफ करून, कीट (दातावर घट्ट बसलेला कडक थर) काढून घ्यायचं आणि रोज दोन टाईम नीट घासायचं, बस. रक्त येतंय म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचाच सोडला तर उलटं होतं, घाण साठते आणि रक्त वाढतं, म्हणून मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि दाताच्या सांध्यावर थोडा तिरका धरा आणि हलक्या हातानं फिरवा. गरोदर बायकांच्या हिरड्या हार्मोन्समुळं जास्त सुजतात, त्यांनी बाळंतपण होऊ द्या मग बघू असं करू नये, गरोदरपणात स्केलिंग करता येतं, डॉक्टरला कितवा महिना आहे ते सांगायचं.

पुढची पायरी पेरिओडोंटायटिस, म्हणजे हिरडीखालचं हाड झिजणं, आणि ही डोळ्यानं ओळखू येत नाही. डॉक्टर एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई दात आणि हिरडीच्या फटीत हळूच घालून बघतात, एका दाताला सहा जागी, आणि शेजारचा असिस्टंट आकडे लिहितो, "तीन, दोन, तीन, पाच...". १ ते ३ आले तर ठीक, ४ च्या पुढं जायला लागले आणि एक्सरेत हाड खाली गेलेलं दिसलं तर समजायचं की गोष्ट हिरडीच्या पलीकडं गेलीय. आता जगभर डॉक्टर याच्या चार स्टेज करतात. पहिलीत हाडाचं नुकसान मुळाच्या लांबीच्या १५ टक्क्यांच्या आत असतं, दुसरीत १५ ते ३३ टक्के, तिसरीत आणि चौथीत त्याच्याही खाली, पॉकेट, म्हणजे सळईनं मोजलेली ती फट, ६ मिलिमीटर किंवा जास्त. तिसरीत या आजारानं चारपर्यंत दात गेलेले असू शकतात, चौथीत पाच किंवा जास्त, पुढचे दात पंख्यासारखे फाकतात आणि चावणंच बिघडतं.

पहिल्या-दुसऱ्या स्टेजला काय घ्यावं? डीप क्लीनिंग, म्हणजे इंजेक्शन देऊन हिरडीखाली मुळावर चिकटलेलं कीट खरवडून काढणं, साधारण दोन-चार सिटिंगमध्ये. मग दीड ते तीन महिन्यांनी परत मोजायचं आणि आकडे कमी झाले का बघायचं. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. तिसऱ्या स्टेजलाही सुरुवात इथूनच होते, पण त्यानंतरही खोल पॉकेट राहिले तर फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून आतून साफ करणं, आणि हाडाला विशिष्ट आकाराचा खड्डा असेल तर तिथं ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर. चौथ्या स्टेजला तेवढंच पुरत नाही, काही दात काढावे लागतात, काही बांधून ठेवावे लागतात, मग कवळी का ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं पक्का बसवलेला दात) का इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्याच्यावर लावलेला दात) हा प्रश्न येतो. माझं स्पष्ट मत आहे की तिसऱ्या स्टेजचा थोडासा हलणारा दात, दुसरा सल्ला न घेता काढू देऊ नका. सूज उतरली की बऱ्याच वेळा हलणं कमी होतं, आणि इम्प्लांट बसवायचं म्हणलं तरी हिरड्यांचा आजार आधी आटोक्यात आणावाच लागतो, नाहीतर त्याच्याभोवतीचंही हाड जातं.

"साफ केल्यावर दात हलायला लागतात" ही भीती आपल्याकडं लई खोलवर आहे. परभणीच्या माझ्या एका मावशीनं याच भीतीपायी स्केलिंग टाळलं होतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागं कीटाचा जाड पिवळा थर असा जमला होता की दातांमधल्या फटीच दिसत नव्हत्या, तो निघाल्यावर जीभ फिरवून म्हणली, "आता तं मधी जागाच जागा झाली बग." जागा मशीननं झालेली नव्हती, हाड आणि हिरडी आधीच खाली गेले होते, कीटानं ते झाकून ठेवलेलं. काही दिवस थंड पाणी झिणझिणलं, मग थांबलं.

तिची मिसरी मात्र सुटायला वेळ लागला. मिसरी दात घट्ट करते हा समज चुकीचा आहे, ती तंबाखूच आहे, बोटानं चोळून चोळून हिरडी खाली सरकते आणि मुळं उघडी पडतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका येगळाच. विडी-सिगरेटवाल्यांनी तर "मला रक्त येत नाही" यावर अजिबात विसंबू नये, धुरानं हिरडीतलं रक्त येणं दबतं आणि आतमध्ये हाड जातच राहतं. शुगरचंही तसंच, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) ७ किंवा वर असेल तर आजार झपाट्यानं वाढणाऱ्या गटात धरतात. उलट हिरड्यांवर इलाज केल्यावर तोच आकडा साधारण ०.३ ते ०.४ नं खाली येतो असं अभ्यासात दिसलंय, म्हणून शुगर असलेल्यानं हा खर्च फालतू समजू नये.

कुठं जायचं? नुसतं जिंजिव्हायटिस असेल तर तालुक्याच्या चांगल्या डेंटिस्टकडं स्केलिंग करून घ्या, त्यासाठी लांब जायची गरज नाही. तिसरी-चौथी स्टेज सांगितली असेल तर हिरड्यांचा स्पेशालिस्ट, म्हणजे पेरिओडोंटिस्ट बघावा, तो छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजमध्ये किंवा लातूर-नांदेडच्या डेंटल कॉलेजांमध्येही भेटतो. कॉलेजात पैसे कमी लागतात, विद्यार्थी काम करतात पण शिक्षक तपासतात, वेळ मात्र जास्त जातो, लाईनीत बसावं लागतं आणि चकरा वाढतात. प्रायव्हेटमध्ये वेळ वाचतो, खर्च वाढतो. हिंगोलीहून नाहीतर बीडहून येणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सिटिंग किती आणि कधी हे लिहून घ्यावं, आणि एसटीचं भाडं, बुडणारा रोज धरून हिशोब करावा, कधीकधी जवळचा प्रायव्हेटवाला तेवढ्यातच पडतो. रस्त्यावर पावडर लावून दात पांढरे करून देणाऱ्याकडं मात्र फुकट असलं तरी जाऊ नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर तारखा आधीच जुळवाव्यात. दसरा-दिवाळीनंतर फडावर गेलं की पुढचे कित्येक महिने गाव नाही, म्हणून डीप क्लीनिंग श्रावणात सुरू केलं तर परत मोजायची तारीख निघायच्या आत बसते. आणि खुर्चीतून उठायच्या आधी डॉक्टरला विचारा की सगळ्यात खोल पॉकेट किती मिलिमीटर आहे, कुठल्या दाताला आहे, हाड किती गेलंय, आणि ते आकडे कागदावर मागून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तरी तोच कागद दाखवता येतो आणि सुधारलं का बिघडलं ते तिथंच कळतं.